प्रतिसाद: भाच्याला क्लास लावू की थेट बूटस्ट्रॅप?

भाच्याला वेबसाइट बनवायला शिकवायचंय ना, मग डेक्कनवरच्या क्लासचे पैसे आत्ता राहूदेत हो, आणि बूटस्ट्रॅप (वेबपानांसाठी तयार डिझाइनचा संच) पण. आधी नोटपॅडमधे साधं एचटीएमएल (वेबपानाचा मजकूर नि आराखडा लिहायची भाषा) लिहायला लावा त्याला, पेठेतल्या एखाद्या खानावळीचं मेनूकार्ड घे म्हणावं, पदार्थ नि भाव टेबलमधे, मग सीएसएसनी (पानाचं रूप ठरवणारी भाषा) रंगरंगोटी. हेडमधे, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, मेटा चारसेट यूटीएफ-८ ही अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी ओळ टाकायचीच नाहीतर मिसळीच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात, आणि पान फोनच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ पण, ती नसली की फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि अक्षरं मुंगीएवढी. बूटस्ट्रॅप वाईट नाहीये, पण त्याचे कॉलम फ्लेक्सबॉक्सवरच (सीएसएसमधली मांडणीची पद्धत) चालतात, ते न कळता नुसती त्यातली नावं पाठ करून काय होणार! एमडीएन या वेब शिकायच्या साइटवर सगळं फुकट आहे. आणि हो, क्रोममधे एफ१२ दाबून कुठल्याही साइटचा कोड उचकून बघता येतो ते दाखवा, जागचा हलणार नाही पोरगा.