वक्र जुळला म्हणून पुळण स्थिर ठरते का?

पुळण (धागाकर्ता): दोन भूशिरांमधल्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, उपग्रहचित्रावर पॅराबोलिक (परवलयाकार) वक्र जुळला की ती पुळण स्थिर समतोलात आहे, म्हणजे नवा गाळ न येताही टिकते, आणि तिच्यामागे बांधकामाला हरकत नाही, असे सांगणारा लेख इथे आला आणि तो वाचून गप्प राहवेना. हा वक्र देणाऱ्या, सू आणि इव्हान्स या संशोधकांच्या १९८९च्या समीकरणात लाट जिथे वळते ते भूशिराचे टोक आणि पलीकडच्या सरळ किनाऱ्यावरचा नियंत्रणबिंदू, हे दोन्ही आपणच हाताने ठरवतो. तो दुसरा बिंदू जरा सरकवला तरी लाटेचा कोन बदलतो आणि मघाशी स्थिर ठरलेली पुळण आता गाळाच्या पुरवठ्यावर तगलेली दिसू लागते. त्यापेक्षा तटरेषेच्या लांबीचा वर्ग घ्यावा आणि त्याला भूशिरांमधले अंतर, फुटत्या लाटेची उंची व १०० यांच्या गुणाकाराने भागावे. ते गुणोत्तर अधिक प्रामाणिक आहे.

भूशिर: साफ अमान्य. ते गुणोत्तर १९ च्या वर असेल तर भूशिरांचा पुळणीजवळच्या प्रवाहांवर फारसा प्रभाव नाही आणि ८ च्या खाली असेल तर भूशिरेच ते प्रवाह ठरवतात, असे मानतात. पण वादळात लाट उंचावली की भागाकार घसरतो आणि त्याच पुळणीचा प्रकार बदलतो. याला आकाराचे वर्गीकरण कसे म्हणायचे? किनाऱ्याच्या वळणासाठी आधी वापरलेल्या लघुगणकीय सर्पिलाचे, म्हणजे केंद्राभोवती उलगडत जाणाऱ्या वक्राचे, केंद्र भूशिराच्या टोकाशी बांधलेले नव्हते. पॅराबोलाने ते बांधले, म्हणूनच समुद्रात घातलेला बंधारा लांबवल्यास किनारा कुठवर सरकेल हे आधी सांगता येते.

ओहोटी: वक्रावरून भांडण्याआधी रेषा कोणती घेतली ते सांगा. मी काम केलेल्या एका प्रकल्पात सल्लागाराने जुने चित्र भरतीचे आणि नवे ओहोटीचे घेऊन पुळण वाढल्याचे दाखवले होते. तिथला उतार ५० मीटरला १ मीटर होता, म्हणजे पाणी २ मीटर उतरले की तटरेषा १०० मीटर पुढे दिसणारच. वाळूच्या टेकडीचा पायथा लाटांनी उभा कापला होता, झुडपांची मुळे हवेत लोंबत होती, तरी बैठकीत सगळे नकाशाकडेच पाहत राहिले.

भूशिर: हा निष्काळजीपणा समीकरणाच्या माथी का मारता? उतार ठाऊक असेल तर भरतीची दुरुस्ती सहज करता येते.

ओहोटी: कोणत्या महिन्यातला उतार? वादळानंतर पुळण सपाट होते आणि शांत लाटांत पुन्हा चढी होते. शेतावर उभे न राहता पीक मोजण्यातला हा प्रकार आहे आणि त्यावर लोकांची घरे उभी राहतात, याचा मला संताप येतो.

पुळण: ऑस्ट्रेलियातील नॅराबीन इथे १९७६ पासून पुळणीचे छेद, म्हणजे ठरावीक रेषांवरची वाळूची उंची, नियमित मोजले जातात. एल निनो आणि ला निनाच्या काळात लाटांची दिशा बदलते, तशी वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि अख्खी पुळण फिरते. तिथे एका चित्रावरून कोणता समतोल सांगणार?

भूशिर: एका चित्रावरून पुळणीचा प्रकार ठरवू नये, एवढे मान्य करतो, त्यापुढे एक पाऊलही नाही. बंधाऱ्याच्या प्रश्नाला तुमचे गुणोत्तर उत्तर देत नाही, ते माझा वक्रच देतो.

ओहोटी: मग वक्राशेजारी चित्राची तारीख, भरतीची पातळी आणि उतार मोजल्याचा दिवस लिहा. ते नसेल तर तसल्या अहवालावर मी सही करणार नाही.