एकट्याने गाडीत झोपून केलेला प्रवास : रात्र कुठे काढलीत?

घोडबंदर रोड, ठाणे

आडवाटेच्या रस्त्यांवर एकटे भटकणारे आणि गाडीतच मुक्काम ठोकणारे आपल्याकडे आता बरेच झालेत. फोटो बघावेत तर समुद्र, घाट, वाफाळता चहा. रात्री अकराला गाडी कुठे लावली, दार कोणी वाजवलं, सकाळची सोय काय केली, हे कुणी सांगत नाही. इथे तेवढंच सांगा. बघण्यासारख्या ठिकाणांची यादी नको.

सुरुवात मी करतो. माझी जुनी ओम्नी. मागची सीट दुमडून वर प्लायच्या दोन फळ्या, त्यावर गादी. कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढलो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे अर्ध्या घाटात बुडाखाली तवा ठेवल्यासारखं झालं. दोनदा थांबून तिला गार होऊ दिलं. वर पोचेस्तोवर अंधार. ओतूरच्या अलीकडे एका ढाबेवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "जेवणार असाल तर लावा, पण पहाटे दुधाचा टेम्पो येतो, तेवढी वाट सोडा."

थंडी म्हणून सगळ्या काचा घट्ट लावून झोपलो. पहाटे कपाळावर थेंब पडला. बघतो तर छताच्या पत्र्याला आतून दव धरलेलं, काचांवरून ओघळ, चादर दमट. माझाच श्वास तो! तेव्हापासून दोन्हीकडच्या काचा बोटभर उघड्या, वरून मच्छरदाणीचा तुकडा, फ्रिजवरच्या चुंबकांनी चिकटवलेला. घरच्या फ्रिजवर आता एकही चुंबक नाही, तो वेगळा विषय.

नेरूळ

सागरी मार्गाने रत्नागिरी, मारुतीची ईको व्हॅन घेऊन, सहा दिवस. वाटेत चार वेळा गाडीसकट फेरीबोट: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. हा प्रवास घड्याळ बघून करायचा असतो हे मला बागमांडल्याला कळलं. दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की मी दर वळणावर थांबत गेलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट सावित्री नदीच्या मधोमध होती.

टपरीवाले काका सामान आवरत होते. म्हणाले, "इथंच लावा, पण भरतीच्या वर लावा." भरती कुठवर येते ते मला काय कळणार! त्यांनी बॅटरी मारून धक्क्याच्या दगडांवरची रेघ दाखवली. खाली हिरवंगार शेवाळ, वर कोरडा दगड. मी लावली होती ती जागा शेवाळाच्या हातभरच वर. मुकाट्याने गाडी मागे घेतली. रात्रभर होड्या एकमेकींना घासत होत्या आणि मासळीचा वास होता. दोन्हीची सवय होते, डासांची होत नाही.

सकाळी पहिल्या बोटीवर गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली. डोळ्यांत झोप, मागून खलाशाचं "येऊ द्या, येऊ द्या" आणि आरशात नुसतं पाणी. बोटीवर हँडब्रेक तर ओढाच, शिवाय गाडी गिअरमध्ये ठेवा.

कळवा

माझी व्हॅन तयार होऊन पाच महिने झाले. आतापर्यंतचा एकमेव मुक्काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सरावासाठी. रात्री दोनला वॉचमनने काच ठोकून विचारलं, "साहेब, घरात भांडण झालं का?" सकाळपर्यंत अख्ख्या बी विंगला खबर.

ऐरोली

मी बाई आहे, एकटी जाते, त्यामुळे माझी पहिली रात्र म्हणजे थापांची रात्र. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारला गेले होते. पुढे मोखाड्याच्या रस्त्याला एका घरासमोर मोकळं अंगण दिसलं, विचारून गाडी लावली. आजींनी विचारलं, "एकटीच?" मी म्हटलं, "नाही हो, हे मागे झोपलेत, ताप आहे." पुराव्यादाखल भावाच्या दहा नंबरच्या चपला सरकत्या दाराबाहेर काढून ठेवलेल्याच होत्या.

तासाभराने आजी दारात. हातात तांदळाची पेज, आजाऱ्यासाठी! "उठवा त्यांना, गरम आहे तोवर घेऊ दे." मी पडद्याआड तोंड करून "अहो, उठता का?" असं दोनदा म्हटलं, मग मलाच हसू फुटलं. खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. सुनेला बोलावून तिलाही माझ्या तोंडून पहिल्यापासून ऐकायला लावलं आणि पेज मला प्यायला लावली. वर म्हणाल्या, "न्हाणीघर मागं आहे, कडी आतून लागते." कडी लागते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. सकाळी एक चप्पल कुत्र्याने नेलेली.

वाशी

गमती चालू द्या, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पलंग वेल्डिंग करून बसवू नका, सुटा ठेवा. भाड्याने घेणार असाल तर रीतसर कॅराव्हॅन, म्हणजे आत मुक्कामाची सोय असलेली गाडी, घ्या, राज्याचं त्याबद्दलचं धोरण २०२१ साली आलं आहे.

दुसरं, इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, जाग येत नाही. शेगडीही बंद गाडीत पेटवायची नाही. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घ्या, पंखा, दिवा आणि फोन दोन रात्री आरामात चालतात. त्यावर इंडक्शन लावलंत तर तासाभरात आटोपलं.

घोडबंदर रोड, ठाणे

ऐरोलीच्या ताई, बायकोला एकटीला जायचंय. पहिला मुक्काम अंगणात करावा की पेट्रोल पंपावर?

ऐरोली

पहिला पंपावर. चोवीस तास चालणारा बघा, उजेड आणि संडास दोन्ही असतं. ऑफिसात विचारून त्यांच्या दारासमोरच लावायला सांगा, मागच्या कोपऱ्यात नको. झोप लागणार नाही, रात्रभर ट्रकवाले हवा भरत असतात. आणि चपला दाराला दोरीने बांधायला सांगा.