जेमॅलॉक: पेजचा आकार आधी ठरवा

जेमॅलॉक ही प्रोग्रॅमना मेमरी वाटून देणारी लायब्ररी. तिचं पॅकेज करताना कॉन्फिगरचे (बिल्डआधी पर्याय ठरवणाऱ्या स्क्रिप्टचे) डिफॉल्ट पर्याय पुरेत, असं काही जण म्हणतात. एआरएम प्रोसेसरसाठी ते पुरत नाहीत, म्हणून हे आवर्जून लिहितोय.

सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही रास्पबेरी पाय ५ या छोट्या कॉम्प्युटरवर मशीनची रीडिंग गोळा करतो. पेज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम मेमरी ज्या तुकड्यांत वाटते, तो एक तुकडा. पॅकेज मी ४ केबी पेजच्या एआरएम सर्व्हरवर बिल्ड केलं होतं. पाय ५ चा नेहमीचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) १६ केबी पेजचा. एलडी प्रीलोडमध्ये (प्रोग्रॅमआधी लायब्ररी लोड करायला लावणारी सेटिंग) लायब्ररी घातली, तर टर्मिनलवर एकच ओळ: ‘अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ’. सर्व्हिस काही केल्या उठेना.

पेजचा आकार बिल्डच्या वेळीच पक्का होतो, आणि सांगितला नाही तर तो बिल्ड मशीनचाच घेतला जातो. मोठ्या पेजसाठी केलेलं बिल्ड लहान पेजवर चालतं, उलट मात्र नाही. म्हणून कॉन्फिगरच्या ‘विथ-एलजी-पेज’ पर्यायाला १६ द्या, म्हणजे २ चा १६ वा घात, ६४ केबी. ४ केबीच्या मशीनवर थोडी मेमरी जास्त जाते. माझ्या मते ती जाऊ द्यावी.



आणि हा पर्याय का दिला ते रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणारी फाइल) कॉमेंट म्हणून नक्की लिहा, नाहीतर पुढचा मेंटेनर तो काढून टाकेल.