मदत हवी आहे : फर्मवेअर अपडेटनंतर बॅटरीची टक्केवारी चुकतेय

नमस्कार मंडळी. घरी सोलरला जोडलेली १६ सेलची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आहे, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. गेल्या आठवड्यात बीएमएसचं (बॅटरीवर लक्ष ठेवून तिला सांभाळणारं सर्किट) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं (चांगलं चाललेलं असताना हात लावू नये म्हणतात, पण खाज!) आणि तेव्हापासून टक्केवारीचा मेळ बसेना.

रात्री ॲपवर ३८ टक्के, पण व्होल्टेज ५३.१. म्हणजे सेलमागे ३.३२, बॅटरी चांगली भरलेलीच असणार. या केमिस्ट्रीत मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे नेमका आकडा त्यावरून काढता येत नाही हे कबूल, पण ३८ नक्कीच नाही.

मग एमसीबी (ब्रेकर स्विच) पाडून पाहिलं. लोड शून्य, चार्जिंग शून्य, तरी ॲप १.४ अँपिअर डिस्चार्ज दाखवतंय! वायरभोवती लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर काहीच नाही. दिवसाला जवळजवळ ३४ अँपिअर-अवर नुसते कागदावर गळतात.

म्हणजे शंटचं (बीएमएसमधला करंट मोजणारा भाग) झिरो कॅलिब्रेशन पुसलं गेलंय असा माझा अंदाज. ते आधी करून मग फुल चार्ज करायचा, की उलट? अडचण अशी की ११ नंबरचा सेल सगळ्यांच्या आधी ३.६५ ला पोचतो आणि बीएमएस चार्जिंग तोडतो, ५८.४ व्होल्ट कधी येतच नाहीत, मग १०० टक्क्याला रीसेट होणार कसं? बॅलन्सिंगला, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर यायला, किती वेळ द्यावा?

विक्रेता म्हणतो, ‘बॅटरी पूर्ण उतरवा, आपोआप होईल.’ मला ते पटत नाही. कुणी केलंय का हे?