लहानपणी सारखी गावं बदलली, तुमची दोस्ती टिकली का? आणि गाव कुठलं सांगता?

निपाणीची_आठवण
नमस्कार सगळ्यांना. बाबा सरकारी नोकरीत, त्यामुळं आमचं बिऱ्हाड खानापूर, मग निपाणी, मग अथणी आणि शेवटी बेळगाव असं फिरलं. खानापूरचं फार काही आठवत नाही. अथणीत वर्गातली सगळी पोरं कन्नड बोलायची, मला येत नव्हतं, म्हणून सुरवातीला मी गप्पच बसून असायचे. खरं निपाणी काही मनातून जात नाही बघा. शेजारी एक मैत्रीण होती, तिची आई विड्या वळायची आणि शाळा सुटली की आम्ही दोघी तिथंच. टेंभुर्णीची पानं भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची, त्यावर पत्र्याचा छोटा फर्मा ठेवून कातरीनं पान कापायचं, मग सुपातली चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा. काकू आम्हाला फक्त पानं कापू द्यायच्या, तंबाखूला हात लावू द्यायच्या नाहीत. हजार विड्यांमागं मजुरी असायची त्यामुळं त्यांचे हात कधी थांबायचेच नाहीत, बोलता बोलता आमची उजळणी पण घ्यायच्या. निपाणी सुटल्यावर थोडे दिवस पोस्टकार्डं चालली आणि मग बंद झाली.

आता विचारायचं कारण, नवऱ्याची बदली बेंगळूरला झालीय. लेक चौथीत, मराठी शाळेत, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण आमच्याच गल्लीत. रोज रात्री रडते. "मी तिथली होणार नाही आणि इथली पण राहणार नाही" म्हणाली परवा, ते ऐकून मला झोप लागली नाही. तुमच्यातल्या ज्यांनी लहानपणी गावं बदलली त्यांनी सांगा, जुनी दोस्ती कशामुळं टिकली?

लोंढा_क्वार्टर्स
ताई, आम्ही रेल्वेवाल्यांची पोरं, वडील कॅसलरॉकला होते मग लोंढ्याला. कॅसलरॉक म्हणजे पावसाळ्यात दिवसाढवळ्या दिवे लावायचे, कपडे आठवडा आठवडा वाळायचे नाहीत. तिथनं गोव्यातल्या कुळेपर्यंतच्या घाटात 37 ला 1, म्हणजे 37 फुटांना 1 फूट असा चढउतार, म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडायचे आणि ते जोडताना बघायला आम्ही सगळी पोरं पळत जायचो. नव्वदच्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, त्या सुमारास बदल्या निघाल्या आणि आमची टोळी फुटली, कोण हुबळी, कोण वास्को, कोण मिरज.

दोस्ती टिकली ती आयांमुळं, हे मी ठाम सांगतो. पोरं विसरतात, त्यांचा दोष नसतो, वयच तसं असतं. आमच्या आयांनी एकमेकींची बारशी, मुंजी, लग्नं सोडली नाहीत. माझ्या बहिणीच्या लग्नात वास्कोची मावशी दोन दिवस आधी येऊन लाडू वळायला बसली होती, आणि तिच्याबरोबर आलेला तिचा पोरगा आज माझा सगळ्यात जवळचा दोस्त आहे. तेव्हा लेकीला नुसता व्हिडिओ कॉल लावून देऊ नका, तिच्या मैत्रिणीच्या आईशी तुम्ही जोडून राहा.

काळीकाठ
मी रामनगरचा, जोयडा तालुका. काळी नदीवर सुपा धरण झालं आणि जुनं सुपा पाण्याखाली गेलं, तिथली बरीच माणसं इकडं रामनगरात आली. आमच्या घरचे पण त्यातले. आमच्यात उलटं झालं बघा, शेजारीपाजारी बरोबर आले खरं गावच राहिलं नाही. आईला कोण विचारलं तर ती अजून सुपा सांगते. मी इथं जन्मलो, मला रामनगरच माझं वाटतं, आणि यावरनं आमच्या घरात वाद पण होतात.

मला एवढंच म्हणायचंय की तुमची निपाणी जागेवर आहे. बेळगावातनं हायवेनं दीड तास. बेंगळूरला जायच्या आधी लेकीला घेऊन एकदा जाऊन या आणि त्या काकूंचं घर शोधा. मैत्रीण लग्न होऊन कुठं पण गेली असली तरी गल्लीत कोण ना कोण ओळखतंयच. लेकीला बघू दे की आईला तिथं कोण ओळख देतंय.

शहापूरचा_भाऊ
सगळे गेलेले लोक बोलालाय, राहिलेल्याचं पण ऐका की. मी बेळगावातलं आमचं शहापूर सोडून कुठं गेलो नाही. घरात आधी माग होता, आता नाही. दोस्त एक एक करून पुण्याला, गोव्याला कामाला गेले, आणि मागं राहिलेल्याला पण तेवढंच लागतं गा, त्याच कट्ट्यावर रोज त्यालाच बसायचं असतंय. लेकीच्या मैत्रिणीचा पण विचार करा.

आमचं टिकलं ते शिवजयंतीमुळं. आपल्याकडं वैशाखातली जयंती, नंतर चित्ररथ, रात्रभर मिरवणूक. त्याला आमचे सगळे येतात, रजा मिळो न मिळो. आलेल्याला मी नुसता बघत उभा राहू देत नाही, रथाचं काम लावतो. कोण मावळ्याला पागोटं बांधतंय, कोण लायटिंगच्या वायरी धरून ट्रॅक्टरमागनं चालतंय. पाहुणा म्हणून आलेला माणूस एकदा येतो, ज्याच्या वाट्याला काम आहे तो दरवर्षी येतो. लेकीला इथं काहीतरी काम राखून ठेवा.

बाई_मराठी_शाळा
मी शिक्षिका, वर्गातली पोरं जाताना पण बघते आणि नवीन येताना पण. नवीन आलेलं पोर गप्प असलं की घरचे घाबरतात, लगेच पाच दहा पोरांना वाढदिवसाला बोलावतात. तसं करू नका. एकच मैत्रीण होऊ दे, सावकाश होऊ दे. तुमच्या लेकीला शाळेत कन्नड आहेच, त्यामुळं अथणीत तुमचं झालं तसं तिचं होणार नाही, बेंगळूरात ते फार उपयोगाला येईल. खरं मराठी वाचन घरात चालू ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी मैत्रिणीची चिठ्ठी तिला वाचता येणार नाही. आणि चिठ्ठ्या लिहू द्याच, फोनवर पोरी नुसत्या एकमेकींकडं बघून हसतात, लिहिताना बोलतात.

निपाणीची_आठवण
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मैत्रिणीच्या आईकडं जाऊन बसले, त्यांच्या पण घरात हेच रडणं चालू आहे, मला माहितच नव्हतं. येत्या रविवारी दोघी पोरींना घेऊन आम्ही निपाणीला जातोय. एप्रिल मेमध्ये शाळेला सुट्टी असते तेव्हा लेकीला इकडं पाठवायचं पण ठरलं, त्यांच्याच घरी राहील. शहापूरचे भाऊ, चित्ररथाची तारीख ठरली की इथं नक्की टाका, राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं रिझर्वेशन आधी करावं लागेल. आणि या दोघी पोरींना जमेल असं कायतरी काम सांगा.

शहापूरचा_भाऊ
टाकतो की ताई. फुलांच्या माळा करायला पोरी लागतातच, आदल्या दिवशी दुपारी पाठवा.