नीरजच्या आठव्या नंबरवर एवढा गोंधळ, मग सर्वेशच्या सहाव्यावर शांतता का?

मैदानवेडा
१८ सप्टेंबर २०२५ ला टोकियोत जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेची भालाफेकीची फायनल झाली. नीरज चोप्रा ८४.०३ मीटरवर आठवा आला आणि अर्ध्या तासात सगळे ग्रुप पेटले. 'संपला', 'जाहिराती कमी कर', 'आता आराम कर'. काहींना तर पाकिस्तानचा अर्शद नदीम दहावा आला यातच समाधान!

दोनच दिवस आधी, त्याच स्टेडियममध्ये, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने उंच उडीत २.२८ मीटर पार केले. आयुष्यातली सर्वोत्तम उडी, आणि ती जागतिक फायनलमध्ये. सहावा नंबर. या स्पर्धेत उंच उडीच्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय. त्या रात्री माझ्या एकाही ग्रुपवर त्याचं नाव आलं नाही. सगळे क्रिकेटचा आशिया चषक आणि भारत-पाकिस्तान सामन्यात न झालेल्या हस्तांदोलनात अडकले होते. मला याचं मनापासून वाईट वाटलं. आपण अॅथलेटिक्सचे चाहते आहोत की फक्त नीरजचे?

भालाप्रेमी
फक्त नीरजचे असलो तर बिघडलं कुठे? २०२१ ला ऑलिंपिकमध्ये याच मैदानावर ८७.५८ मीटर फेकून त्याने सोनं आणलं, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा भालाफेक कुणी पाहिली. २०२३ ला बुडापेस्टमध्ये तोच जगज्जेता झाला. २०२५ च्या मे महिन्यात दोह्यात ९० मीटरच्या पुढे गेला. इतकी वर्षं जो पहिल्या दोनांच्या बाहेर जात नाही, तो आठवा आला की जीव तुटणारच. त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने ८८.१६ वर सोनं नेलं. हे अंतर नीरजच्या आवाक्यातलं होतं, दुःख त्याचंच आहे. शिव्या देणारे वेगळे आणि हळहळणारे वेगळे, दोघांना एका माळेत ओवू नका.

रोखठोक
मला दोघांचंही पटत नाही. सहावा म्हणजे सहावा. मिल्खा सिंग १९६० च्या ऑलिंपिकला चौथे, पी. टी. उषा १९८४ च्या ऑलिंपिकला चौथ्या, आणि आपण अजून त्या चौथ्या नंबरांच्या आठवणी काढत बसतो. उंच उडीत ब्राँझ २.३१ ला गेलं आणि सर्वेशला तीच उंची पार करता आली नाही. कौतुक जरूर करा, पण पदकासारखे ढोल वाजवू नका. खेळाडूलाही ते आवडत नसेल.

मैदानवेडा
@रोखठोक ढोल कोण मागतंय? नाव तरी घ्या, एवढंच म्हणणं आहे. हाच सर्वेश २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत २.१५ च्या पुढे गेला नव्हता. वर्षभरात तिथून २.२८! तेजस्विन शंकरचा २.२९ चा राष्ट्रीय विक्रम त्या दिवशी एका सेंटीमीटरवर होता. उंच उडीत एकेक सेंटीमीटरसाठी वर्षं जातात हो.

आणि जागतिक स्पर्धेतली आपली पदकं मोजून बघा. २००३ ला अंजू बॉबी जॉर्जचं लांब उडीतलं ब्राँझ, त्यानंतर थेट २०२२ ला नीरजचं रौप्य. मधली १९ वर्षं कोरडी. अशा देशाने फायनल गाठणाऱ्याला 'फक्त सहावा' म्हणू नये.

पीटीच्या_बाई
मी शाळेत खेळ शिकवते. सर्वेशच्या उडीचा व्हिडिओ मुलांना मुद्दाम दाखवला. तालुक्याच्या स्पर्धेत उंच उडीला धड गादी नसते, जाडसर मॅट एकावर एक टाकून भागवतो. पोरं पाठीवर पडायला घाबरतात, म्हणून एकेक पाय बारवरून नेत कात्री उडीच मारत राहतात. फॉसबरी पद्धतीने बारवरून पाठ नेणारा आपल्या भागातला माणूस जगाच्या फायनलमध्ये दिसला, याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो ते रोखठोक यांनी येऊन पाहावं. पोरांनी पदकाचं विचारलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, 'बाई, २.२८ म्हणजे या दारापेक्षा उंच का?' हो, बऱ्यापैकी उंच.

बीडकर
आमचा स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत) धावणारा अविनाश साबळे असता तर चर्चा आणखी रंगली असती. मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा गेला बिचाऱ्याचा. लवकर परत ये, भावा.

भालाप्रेमी
बाई, तुमचं पटलं. पण सचिन यादवला कुणी विसरू नका. पहिलीच जागतिक स्पर्धा, पहिलाच फेक ८६.२७ मीटर. ब्राँझ ८६.६७ ला गेलं, म्हणजे ४० सेंटीमीटरने हुकलं. त्या दिवशी नीरज, अर्शद आणि जर्मनीचा वेबर, तिघेही त्याच्या मागे होते. त्याला सुद्धा लोकांनी नीरज बघताना ओघात पाहिलं. पण पाहिलं तरी! म्हणून म्हणतो, नीरजची गर्दी वाईट नाही.

रोखठोक
सचिनचं मान्य, पहिल्याच वेळी ही कामगिरी जबरदस्त आहे. पण नीरजची पाठ आधीच दुखत होती, असं त्यानेच नंतर सांगितलं. मग उतरायचं कशाला? पाच फेकांत दोन फाऊल, सहावी फेक मिळणाऱ्या पहिल्या सहांतही नाही. चाहत्यांच्या अपेक्षांमुळेच तो उतरला, असं मला वाटतं, आणि ही जबाबदारी आपलीही आहे.

मैदानवेडा
हे मात्र नाही पटत. गतविजेता आपलं पद सोडायला मैदानाबाहेर बसून राहत नाही. दुखऱ्या पाठीने ८४ मीटर फेकून हरला, हे मला न उतरण्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

रोखठोक
आणि ती पाठ कायमची गेली असती तर?