मुळशीकडची देशी झाडांची रोपवाटिका: कुणी जाऊन आलंय का?

सासवडवाली
सासवडजवळ पाच गुंठे मुरमाड जागा आहे. दहाएक देशी झाडं लावायचीत. ताम्हिणीच्या वाटेवर डोंगरात एक रोपवाटिका आहे म्हणे, आसपासच्या जंगलातलंच बी गोळा करून रोपं करतात. रविवारी सासूबाईंना (७१) घेऊन जावं म्हणते. चढ किती आहे? रोपं कोणती घेऊ? बजेट २००० रुपये, पेट्रोलसकट.

घाटवेडा
जुलैतला रविवार आणि ताम्हिणी?? आम्ही भूगावातच सव्वा तास अडकलो होतो. रोपवाटिका बघितली नाही, भजी मात्र फक्कड.

बागवान_कोथरूड
बारकी रोपं आणूच नका, जगत नाहीत. मी आठ फुटी बकुळ आणल्या, १२०० ला एक. अख्खी सोसायटी विचारते कुठून आणल्या.

मोडकीखुर्ची
ताईंचं बजेट वाचलंत का? आणि मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गोल फिरलेली असतात. माझा करंज तिसऱ्या वर्षी वाऱ्याने आडवा झाला, बघतो तर खाली मुळांची चुंबळ! गुडघ्याएवढंच रोप घ्या.

बागवान_कोथरूड
माझ्या बकुळी ठणठणीत आहेत.

पानगळ
आपटा घ्याच, पण पारखून. मला आपटा म्हणून कांचन गळ्यात मारला होता. चार वर्षं वाढवला आणि गुलाबी फुलं आली.

घाटवेडा
दसऱ्याला चालतंय की. पान दोन्हीचं दुभंगलेलंच.

पानगळ
नाही चालत. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं चांगलं मोठं.

घाटवेडा
बरं बाई.

दिवेघाट
मूळ मुद्दा राहिलाच. ताम्हिणीत वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, तुमचं सासवड-पुरंदर पर्जन्यछायेत. तिकडची अंजनी नि हिरडा तुमच्या मुरमात टँकरवर जगवाल का? अंजन, खैर, पळस, बहावा, आपटा मागा. (अंजन वेगळा, अंजनी वेगळी. रोपवाटिकेत नीट उच्चारा!) पहिले दोन उन्हाळे पाणी घालावंच लागेल. आणि पालखी सासवडला असेल तेव्हा रोपं न्यायला जाऊ नका, दिवे घाट बंद असतो.

मोडकीखुर्ची
+१. गुडघ्याएवढंच रोप.

सासवडवाली
जाऊन आलो, रविवारीच. गाडी लावून दहा मिनिटं चढ, सासूबाई काठी टेकत माझ्या आधी वर. तिथल्या काकांनी आधी जागा कुठली ते विचारलं. सासवड म्हटल्यावर अर्ध्या रोपांकडे बघूच देईनात. पाच बहावा, तीन आपटे घेतले (पान चोळून बघितलं, खरखरीत आहे). पण सासूबाईंनी अंजनीच्या निळ्या फुलांचा फोटो बघितला आणि हटून बसल्या. काका नको म्हणाले, मी नको म्हणाले. "पाणी मी घालीन" म्हणाल्या. तर अंजनीही आली. एकूण रोपांचे ६४०, भज्यांचे १२०.

बागवान_कोथरूड
पैसे उरलेत की. एक बकुळ घ्या.